शेपूबंदीचं घर

शेपूच्या बाबतीत माणसं दोनच प्रकारची असतात. एक खाणारी आणि दुसरी नाकाला पदर लावून उठून जाणारी. मेथीला, पालकाला मधले लोक मिळतात, 'चालेल, वाढा थोडी' म्हणणारे. शेपूला तसा एकही मिळत नाही. मी खाणाऱ्यांतली, तीसुद्धा भाकरीपेक्षा भाजी जास्त घेणाऱ्यांतली, आणि लग्न होऊन पडले ते उठून जाणाऱ्यांच्या घरात.

माझं माहेर लातूरकडे, देवणीच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं खेडं. आई हद्दीपलीकडची. ती शेपूला सब्बसगी म्हणायची आणि शेवटपर्यंत सब्बसगीच म्हणत राहिली. विहिरीच्या पाटाला लागून तिचा एक वाफा असायचा. त्यात कोथिंबीर, मुळा, मेथी काय वाटेल ते लावलेलं असे, पण कडेची ओळ कायम शेपूची. पान बघाल तर पिसासारखं, वाऱ्याने सुद्धा लवणारं. एवढी नाजूक वस्तू इतका दांडगा वास कुठे बाळगते याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे. जुडी घरात आली की ओसरीवर बसलेल्याला न सांगता कळायचं. निवडून झाल्यावर हात साबणाने धुवा नाहीतर राखेने घासा, दुसऱ्या दिवशी शाळेत वहीचं पान उलटताना बोटांना तो वास असायचाच.

आई भाजी करायची ती मुगाच्या डाळीतली. डाळ आधी भिजवून ठेवलेली. तेलात ठेचलेला लसूण, तोही हात आखडता न घेता, मोडलेल्या हिरव्या मिरच्या, आणि लसूण तांबूस व्हायच्या आत चिरलेली शेपू. वर झाकण ठेवायचं नाही. झाकण ठेवलं की रंग जातो आणि वास आत कोंडून भाजी उग्र होते, असं तिचं म्हणणं. पातेलंभर शेपू शिजून मूठभर व्हायची आणि त्या मुठीवर आम्ही भावंडं भांडायचो.

थंडीत शेपूची फळं व्हायची. ज्वारीचं पीठ, थोडं गव्हाचं, थोडं बेसन, त्यात बचकभर शेपू, ओवा, लसूण-मिरचीचा ठेचा. मळून गोळे करायचे, अंगठ्याने दाबून वाटीसारखा आकार द्यायचा आणि चाळणीत वाफवायचे. गरम फळाच्या खळग्यात कच्चं करडीचं तेल ओतायचं. करडीचं तेल आणि शेपू ही जोडी ज्या कुणी बाईने पहिल्यांदा जमवली, तिला मी मनातल्या मनात अनेकदा नमस्कार केला आहे. बाईच असणार ती, पुरुषाला हे सुचणं शक्य नाही.

पण आईच्या लेखी शेपू आधी औषध होती, मग भाजी. पोट फुगलं, शेपू खा. जेवण अंगावर आलं, शेपा चाव. गावात कुणी बाळंत झाली की तिच्या घरी आईचा डबा जायचा, ज्वारीची भाकरी आणि वर तूप सोडलेली शेपूची भाजी. वाफ्यातली काही रोपं ती मुद्दाम न तोडता फुलावर जाऊ द्यायची. त्यांना पिवळी फुलं यायची, मग चपटे तांबूस दाणे धरायचे. ते झाडून, वाळवून ती डब्यात भरून ठेवायची. हाच बाळंतशेपा. ओवा आणि सुकं खोबरं यांच्याबरोबर भाजून तो बाळंतिणीला जेवणावर चघळायला द्यायचे. अंगावर दूध उतरतं, पोटात वारा धरत नाही, असं सगळ्याच बायका सांगायच्या. निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकून खोलीत धुरीही द्यायचे. आता डॉक्टर बाळाजवळ धूर नको म्हणतात आणि ते बरोबरच आहे. दूध शेपूने उतरतं की बाळंतिणीसमोर कुणी बसून तिला गरम जेवू घालतं त्याने उतरतं, हे मी सांगू शकत नाही. माझं पहिलं बाळंतपण आईने केलं, आणि तेवढ्या दिवसांत मी इतकी शेपू खाल्ली की मुलाच्या टाळूलाही तोच वास येतो असं मला वाटायचं.

सासर नांदेडचं. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, यांची अर्धापूरला केळीची बाग. घर शहरात, जीव बागेत, असं त्यांचं चाललेलं असतं. त्यांच्या नाकाचा त्या भागात बोलबाला होता. केळी पिकवायच्या खोलीच्या दाराशी नुसतं उभं राहून ते आतला कुठल्या बाजूचा माल आधी तयार झाला ते सांगायचे. व्यापारी त्यांना मुद्दाम गाडीत घालून न्यायचे. घरात दूध उतू जायच्या आधी ते ओसरीवरून हाक मारायचे, आणि वरणाला फोडणी जिऱ्याची पडली की मोहरीची हे त्यांना अंघोळ करताना कळायचं. असल्या माणसाच्या घरात सून म्हणून वावरणं म्हणजे चोवीस तास परीक्षा.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी बाजारातून हौसेने शेपूची जुडी आणली. मामंजी बाहेरून आले आणि दारातच थांबले. हे गवत आपल्या घरात शिजत नाही, म्हणाले. आवाज चढवला नाही. जुडी उचलली, हात लांब धरून बाहेर नेली आणि गल्लीतल्या शेळीपुढे टाकली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी नंतर मला समजावलं, की ते बाकी कशालाच नाही म्हणत नाहीत, एवढं एक सांभाळ. कारण विचारलं तर कारण काही नव्हतं. लहानपणी कुणी बळेच भरवली, असंही नाही. वास आला की त्यांना मळमळतं, बस्स. शेळीने मात्र जुडी आनंदाने संपवली. त्या दिवशी त्या गल्लीत माझ्या बाजूचं तेवढं एकच जनावर होतं.

निदान मला तसं वाटलं होतं. आमच्या भिंतीला भिंत लागून अत्तरवाल्या चाचांचं घर आहे. त्यांचं अत्तराचं दुकान आजोबा-पणजोबांपासूनचं. चाचा आणि मामंजी लहानपणापासूनचे जोडीदार. दर शुक्रवारी नमाजाहून येताना चाचा आमच्या ओसरीवर टेकायचे आणि अत्तरात बुडवलेला कापसाचा फाया मामंजींच्या कानाच्या पाळीत खोवायचे. मामंजी डोळे मिटून सांगायचे, खस आहे, हिना आहे, आणि याच्यात तू काहीतरी मिसळलंयस. चाचा म्हणायचे, की सबंध नांदेडात माझ्या मालाची खरी कदर असणारं नाक एकच, आणि ते केळीत वाया गेलं.

चाची माझ्या बाजूची निघाली. त्या लोकांत शेपूला सोया म्हणतात. चाची ती डाळीत घालते, मेथीबरोबर बटाट्यात घालते आणि खिम्यात घालते. खिम्यातली शेपू आईने चाखली असती तर इतकी वर्षं फुकट गेली म्हणून कपाळाला हात लावला असता. माझ्या तोंडचा देवणीचा वाफा ऐकून चाचीने एक दिवस मला दुपारी भिंतीवरून हाक मारली. तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. शेपू मी निवडायची, चूल तिची, आणि जेवायला दोघी तिच्या स्वयंपाकघरात पाटावर. सुनेला जे सुख माहेरी मिळतं ते मला भिंतीपलीकडे मिळालं, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

हे सगळं चोरून होतं असं आम्हाला वाटत होतं. पण शेपू खाऊन ती लपवता येत नाही. संध्याकाळपर्यंत ढेकर सांगतोच. मी चहा घेऊन गेले की मामंजी पेपरातून मान वर न करता म्हणायचे, आज चाचीकडं गेलती वाटतं. आणि उठून खिडकी उघडायचे. बोलणं तेवढंच. घरात शिजू द्यायची नाही, भिंतीपलीकडे खाल्ली तर विचारायचं नाही, असा आमचा न बोललेला तह होता, आणि तो दोन्हीकडून पाळला गेला.

दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी आई हयात नव्हती. त्यामुळे ते नांदेडलाच झालं. आत्याबाईंनी काही कमी केलं नाही, पण शेपू नव्हती, आणि आई नसल्याचं दुःख मला त्या दिवसांत नेमकं तिथे टोचायचं. पानात सगळं असून माझा हात चालेना. मग चाची दुपारी डबा घेऊन यायला लागली, वरून ओढणी घट्ट गुंडाळून. एकदा नेमके मामंजी नातीला बघायला खोलीच्या दाराशी आले. डबा उघडा होता. चाचीने सरळ सांगून टाकलं, की भाईसाब, वास माझ्या ओढणीचा आहे. मामंजींनी ओढणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नाकावर उपरणं धरलं आणि दारातूनच नातीला पाहून गेले. बाळंतिणीची खोली म्हणून सोडून दिलं, असं ते नंतर आत्याबाईंना म्हणाले. मला ते ऐकून त्यांचं फार कौतुक वाटलं. स्वतःला मळमळत असताना दुसऱ्याचं ताट न हलवणं सगळ्यांना जमत नाही.

आत्याबाई काही वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा आणि मुलगी शिकायला बाहेर गेली. घरात मी, माझे यजमान आणि मामंजी, एवढीच माणसं राहिलो. गेल्या भाद्रपदात मामंजींना ताप आला. साधाच वाटला. चार-सहा दिवसांत उतरला, ते उठून बसले, मी देवापुढे साखर ठेवली.

पुढच्या शुक्रवारी चाचा आले. नेहमीसारखा फाया कानात खोवला आणि समोर बसून राहिले. मामंजी काही बोलेनात. बऱ्याच वेळाने त्यांनीच विचारलं, आज अत्तर आणायचं विसरलास काय. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. फाया कानात होता. वास मला चुलीपाशी येत होता.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की तापात नाकाची नस दुखावते कधीकधी. येईल परत, पण कधी ते सांगता येत नाही, आणि काहींना येतही नाही. उग्र वासाच्या वस्तू सकाळ-संध्याकाळ हुंगत राहा, आणि मुख्य म्हणजे खात राहा, या वयात वजन उतरू देऊ नका. नेमकं तेच होईना. वास गेला तशी जेवणाची चवही गेली. खारट-तिखट तेवढं कळायचं, बाकी सगळं पेंडीसारखं. ते दोन घास खाऊन ताट सरकवायचे. सदरा खांद्यावरून उतरायला लागला. एकदा नासलेलं दूध त्यांनी सबंध पेलाभर पिऊन टाकलं आणि मी ओरडल्यावर पेल्याकडे बघत बसले. बागेत एकदाच गेले. व्यापाऱ्याने सवयीने खोलीच्या दाराशी नेऊन उभं केलं, तसे मागे फिरले आणि घरी आले. पुन्हा गेले नाहीत. मी पाठवायला बघितलं तर म्हणाले, "नाकाबिगर मी तिथं जाऊन काय करू?"

मी त्यांच्या चपला पुन्हा कोपऱ्यात ठेवल्या. 

मध्येच एकदा मला एक दुर्बुद्धी झाली, किंवा सुबुद्धी, काय म्हणायचं ते म्हणा. बाजारात नवी शेपू आली होती. म्हटलं, आता बंदी तरी कुणासाठी पाळायची. जुडी आणली, आमच्याच घरात निवडली, आमच्याच कढईत मुगाची डाळ घालून परतली. सबंध घरात वास भरला. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघराला माझ्या माहेरचा वास आला. मामंजी ओसरीवर बसले होते. मान सुद्धा वळवली नाही. मी धीर करून तीच भाजी त्यांना वाढली. त्यांनी दोन घास खाल्ले, रोजच्यासारखे, आणि ताट सरकवलं.

मी जिंकले होते. पहिला घास घेतला तेव्हा तसं वाटलंही. दुसऱ्या घासाला भाजी मला गिळवेना. ज्या माणसाने माझी जुडी शेळीला घातली तो ओरडायला पाहिजे होता, खिडक्या उघडायला पाहिजे होत्या, ताट उचलून बाहेर न्यायला पाहिजे होतं. मी पदराने डोळे पुसत उरलेली भाजी चाचीकडे नेऊन दिली. घरात पुन्हा शेपू आणली नाही.

मग आम्ही दोन्ही घरं त्यांच्या नाकाच्या मागे लागलो. मी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून द्यायचे, हिंग द्यायचे, लसूण ठेचून, कांदा फोडून. चाचा सकाळी दुकानाला जाताना आणि संध्याकाळी येताना कुप्या घेऊन बसायचे. गुलाब, खस, हिना, केवडा. एकेक झाकण काढून नाकाखाली धरायचे आणि तोंडाकडे बघत राहायचे. एके दिवशी मामंजी म्हणाले, हाव, येतोय जरा, गुलाबच ना. चाचा फार खूश झाल्यासारखे हसले, पाठीवर थाप मारली आणि पाणी प्यायला म्हणून आत आले. आत येऊन माझ्यासमोर भिंतीला टेकून रडले. त्यांच्या हातात खसाची कुपी होती. मामंजींनी दोस्ताचं मन राखायला अंदाजाने सांगितलं होतं, आणि दोस्ताने ते ओळखून हसून दाखवलं होतं. ही दोन म्हातारी माणसं एकमेकांना अशी जपत होती.

शेपूचं मी एकदाच सुचवलं. इतका उग्र वास दुसऱ्या कशाला आहे, म्हटलं, बघू या का हुंगून. मामंजींनी कानावर हात ठेवले. ते एक माझ्या नाकाशी आणू नका, म्हणाले, वास येत नसला तरी नाव ऐकून मळमळतं.  वाढलेली ती भाजी शेपूची होती हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं, तेव्हाही सांगितलं नाही.

येळवस जवळ आली. मार्गशीर्षातली अमावस्या आमच्या लातूरकडे शेतात साजरी करतात. हिरव्या रानात कडब्याची खोप उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांची पूजा करायची आणि येईल त्याला जेवू घालायचं. त्या दिवशी गावं रिकामी आणि रानं भरलेली असतात. भावाचं बोलावणं दरवर्षी आम्हाला असतं, आणि चाचा-चाचींनाही असतं. यंदा मामंजी नको म्हणत होते. जेवायचं नाही त्याने जेवणावळीला कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. चाचांनी त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं.

येळवसीला मुख्य पदार्थ भज्जी. भजी नव्हे, भज्जी. ओल्या तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे, गाजर, वांगी, हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, कांद्याची पात, रानात त्या वेळी जे जे हिरवं असेल ते सगळं चिंचेच्या कोळात शिजवून बेसन लावायचं. आमच्या घरच्या भज्जीत शेपू पडतेच, आईने घालून दिलेली रीत आहे. व्याही येणार म्हणून भाऊ दरवर्षी एक पातेलं बिनशेपूचं वेगळं करायला लावायचा. यंदा पहाटे वहिनीने मला विचारलं, वेगळं करायचं का. तिला आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर, सगळं उरकायचं होतं, चुलीवर जागा नव्हती. मी म्हटलं, राहू दे, त्यांना कळणार नाही. हे म्हणताना माझा आवाज कसातरीच झाला असावा, कारण वहिनीने पुन्हा विचारलं नाही.

पूजा झाली. रानात हरभरा, करडई, ज्वारीची ताटं, थंड वारा. पहिली पंगत खोपीच्या सावलीत बसली. मामंजी मधे, शेजारी चाचा, मग माझे यजमान आणि भाऊ. वहिनी वाढत होती, मी भाकऱ्या देत होते. मामंजींनी भाकरीचा तुकडा मोडला, भज्जीत बुडवला आणि तोंडात घातला. दोनदा चावला आणि थांबले.

मला वाटलं ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला. घास कसाबसा गिळला. ताट उचलून नाकाजवळ नेलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"शेपू हाय ह्यात," ते म्हणाले.

 भावाने हात जोडले, चूक झाली म्हणाला, दुसरं ताट आणतो म्हणून उठायला लागला. वहिनी माझ्याकडे बघत होती. भावाला, वहिनीला, माझ्या यजमानांना, कुणालाच काय झालं ते अजून कळलं नव्हतं. चाचांना कळलं होतं. त्यांनी भावाचा हात धरून त्याला खाली बसवलं.

मी मामंजींसमोर गुडघ्यावर बसले.  "मामा, नीट सांगा. जिभेला लागली, का वास आला?"

त्यांनी पुन्हा हुंगलं. डोळे मिटून, जुन्या सवयीने. त्यांचं तोंड असं वाकडं झालं, जसं मी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात दारात पाहिलं होतं.

"वास. तोच. लई घाण येतोय."

चाचांनी खिशातून हिन्याची कुपी काढली, झाकण उघडून नाकाखाली धरली. मामंजींनी प्रामाणिकपणे हुंगलं आणि मान हलवली, हे नाही येत. चाचा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते. जन्मभर अत्तर विकलं, म्हणाले, आणि माझ्या याराच्या नाकात आलं कोण, तर सोया. पलीकडे बायकांत बसलेल्या चाचीने ते ऐकून आभाळाकडे हात उचलले.

मामंजींच्या कपाळावर घाम आला होता. त्यांना खरोखरच मळमळत होतं, मला दिसत होतं. मी ताट काढून घ्यायला हात घातला. त्यांनी दोन्ही हातांनी ताट धरून ठेवलं.

"राहू दे. आनखी वाढ. येतोय तवर खाऊन घेतो."

येतोय तवर. चार महिने हा माणूस ओसरीवर बसून काय सोसत होता ते मला त्या दोन शब्दांत समजलं. मिळालेलं पुन्हा जाईल या भीतीने ते नावडता घास पुढे ओढत होते. मी वहिनीच्या हातून पातेलं घेतलं आणि वाढायला लागले. घाईत भज्जी ताटाच्या काठावर सांडली, आणि ती सांडलेलीही त्यांनी बोटाने पुसून खाल्ली.